उजवा ऑल्ट नेमका कोणाचा? ₹, °, ½ आणि ऱ्य मध्येच बंद पडतात त्यावर उपाय

कालपर्यंत उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ येत होतं, आज तेच दाबलं तर वर्डमध्ये भलतीच कमांड चालते, किंवा काहीच होत नाही, किंवा नुसता ४ येतो. डिग्रीचं चिन्ह एका खिडकीत येतं आणि दुसरीत येत नाही. मराठी लिहिता लिहिता मध्येच इंग्रजी सुरू होतं. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे रिस्टार्ट केलं की कधी आपोआप बरं होतं आणि दोन दिवसांनी परत तेच.

देवगड, मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरी, कुठेही स्टँडजवळच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात जा, हा प्रॉब्लेम सापडतोच, कारण आपल्याकडे एकाच कॉम्प्युटरवर सगळं करावं लागतं. सकाळी ग्रामपंचायतीची नोटीस, मग हापूसच्या पेट्यांची लेबलं, मग कोणाच्या होमस्टेचं रेट कार्ड, संध्याकाळी मच्छीमार सोसायटीचा अर्ज ज्यात ठिकाण अक्षांश-रेखांशात लिहायचं असतं, म्हणजे १६° ०३′ असं. प्रत्येक कामाला वेगळं चिन्ह लागतं आणि प्रत्येक चिन्हासाठी कोणीतरी कधीतरी एक टूल टाकून ठेवलेलं असतं. मी देवगडला हेच काम करतो आणि आजूबाजूच्या दुकानांतून याच तक्रारीचे फोन येत असतात, "अरे काल चलत होता मां, आज काय झाला तेका?" म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

पहिल्यांदा मुद्द्याचं सांगतो. दहातल्या बहुतेक वेळा फॉन्ट बिघडलेला नसतो, विंडोज बिघडलेलं नसतं, परत फॉरमॅट मारायची तर अजिबात गरज नसते. एकाच बटणावर दोन किंवा तीन प्रोग्रॅम हक्क सांगत असतात एवढंच. एका होडीवर दोन तांडेल असले तर जे होईल तेच इथे होतं. आणि ज्या बटणावरून भांडण असतं ते बटण जवळजवळ नेहमी एकच असतं, स्पेसबारच्या उजवीकडचा ऑल्ट.

का ते समजून घ्या म्हणजे उपाय पाठ करावा लागणार नाही. विंडोजमध्ये इंग्लिश युनायटेड स्टेट्स आणि इंग्लिश इंडिया असे दोन वेगळे कीबोर्ड आहेत. दिसायला सारखेच, पण इंडिया वाल्यात उजवा ऑल्ट म्हणजे साधा ऑल्ट नसतो, तो ऑल्ट-जीआर असतो, आणि विंडोज त्याला आतमध्ये कंट्रोल+ऑल्ट एकत्र दाबल्यासारखं धरतं. म्हणून इंडिया कीबोर्डवर उजवा ऑल्ट+४ दाबलं की ₹ येतं, आणि डावीकडचे कंट्रोल+ऑल्ट धरून ४ दाबलं तरी येतं. युनायटेड स्टेट्स वाल्यात मात्र उजवा ऑल्ट हा डाव्यासारखाच साधा ऑल्ट, त्यामुळे वर्डमध्ये ऑल्ट+४ दाबलं की वरच्या छोट्या टूलबारवरची चौथी कमांड चालते. ज्याने तिथे चौथ्या नंबरवर प्रिंट ठेवलंय त्याचं प्रिंट उघडणार, ज्याने काहीच ठेवलं नाही त्याला वाटणार बटण मेलं. दोन दुकानांत एकाच गडबडीची दोन वेगळी लक्षणं दिसतात ती यामुळे.

आता याच्यावर कोणीतरी विनकंपोज टाकतो. टूल चांगलं आहे, कंपोजचं बटण दाबून सोडायचं, मग ओ ओ दाबलं की °, १ २ दाबलं की ½, मोठा आर आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की ₹. लक्षात ठेवायला सोपं. पण ते टाकल्यावर कंपोजचं बटण म्हणून आपोआप काय निवडलं जातं, तर उजवा ऑल्ट! म्हणजे विनकंपोज चालू असताना उजवा ऑल्ट+४ दाबलं की विंडोजपर्यंत ऑल्ट-जीआर पोचतच नाही, विनकंपोज मध्येच ते पकडतं आणि पुढच्या बटणाची वाट बघत बसतं. मग त्याच मशीनवर आधी कोणीतरी ऑटोहॉटकीची (म्हणजे बटणांना हवं ते काम लावून देणारं टूल) छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवलेली असते आणि तीही कंट्रोल+ऑल्टवर काहीतरी करत असते. जुन्या इंटेल ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये कंट्रोल+ऑल्ट+बाण दाबलं की अख्खी स्क्रीन उलटी होते, तेही त्याच घरातलं. वर्डचे स्वतःचे पण आहेत, कंट्रोल+ऑल्ट+१, २, ३ म्हणजे हेडिंग, कंट्रोल+ऑल्ट+सी म्हणजे ©. एवढी गर्दी एका जोडीवर.

लाइट गेल्यावर का बिघडतं

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण आपल्याकडे हे कोणी धरत नाही. मिरग लागला की वारा सुटतो, लाइट दिवसातून कितीदा जाते त्याला हिशेब नाही, इन्व्हर्टर असला तरी बॅटरी कधीतरी उतरते आणि मशीन धाडकन बंद. परत चालू केलं की टायपिंग वेगळं वागतं. लोकांना वाटतं व्होल्टेजमुळे काहीतरी उडालं.

तसं नसतं. बटणं पकडणारी ही जी टूलं आहेत, विनकंपोज, ऑटोहॉटकी, मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज, ती विंडोजला सांगून ठेवतात की बटण दाबलं गेलं की आधी मला सांग. विंडोज त्यांची साखळी करतं आणि जो सगळ्यात शेवटी जोडला गेला त्याला सगळ्यात आधी खबर देतं. तो हवं तर बटण पुढच्याला देतो, हवं तर स्वतःकडेच ठेवतो. आता मशीन चालू होताना स्टार्टअपमधले प्रोग्रॅम रोज त्याच क्रमाने उभे राहतील याची काही खात्री नसते, कधी हा आधी, कधी तो आधी, डिस्क स्लो असली तर अजून इकडेतिकडे. त्यामुळे कालचा जो शेवटी होता तो आज पहिला होतो आणि उजव्या ऑल्टचा मालक बदलतो. काहीच बिघडलेलं नाही, फक्त क्रम बदललाय. म्हणूनच रिस्टार्टने कधी बरं होतं आणि कधी नाही. रिस्टार्ट हा उपाय नाही, ते नशिबावर सोडणं आहे.

आधी खरोखर भांडण आहे का ते बघा

टूलांना दोष द्यायच्या आधी कीबोर्ड तपासा. आपल्याकडची खारी हवा कीबोर्डला लवकर खाते, त्यात समुद्राकडे तोंड असलेलं दुकान असेल तर विचारूच नका, शिफ्ट आणि ऑल्टखाली गंज-मळ धरतो आणि बटण अर्धवट दाबलेलं राहतं. विंडोज+कंट्रोल+ओ दाबा, स्क्रीनवरचा कीबोर्ड येईल. आता खरा कीबोर्ड दाबा, जे बटण दाबाल ते स्क्रीनवर उजळतं. हात काढल्यावरही ऑल्ट किंवा शिफ्ट उजळलेलं राहत असेल तर पुढचं काही वाचू नका, कीबोर्ड साफ करा नाहीतर बदला.

दुसरं, शिफ्ट पाचदा लागोपाठ दाबलं तर स्टिकी कीज चालू करू का म्हणून विचारतं आणि घाईत कोणीतरी यस म्हणतं, मग शिफ्ट-ऑल्ट सोडलं तरी विंडोज ते पुढच्या बटणापर्यंत दाबलेलंच धरतं. उजवा शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवला तर फिल्टर कीज, मग बटणं पटकन दाबली तर घेतच नाही, वाटतं कीबोर्ड गेला. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड, तिथे जाऊन या दोघांचे शॉर्टकट बंदच करून टाका, मराठी टायपिंगवाल्याचा शिफ्टवर सारखा हात असतो.

तिसरं, चिन्हाच्या जागी चौकोनी डबा दिसत असेल तर तो फॉन्टचा विषय, बटणाचा नाही. आणि रेट कार्डाच्या जुन्या फायलीत ५०० च्या आधी टॅबच्या वरच्या बटणावरचं ते उलटं टिंबासारखं चिन्ह दिसत असेल तर तोही वेगळा विषय. सरकारने १५ जुलै २०१० ला ₹ मंजूर केलं, युनिकोडमध्ये ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ६.० आवृत्तीत आलं, पण त्याआधीच रुपी फोराडियन नावाचा एक फॉन्ट सगळीकडे पसरला होता ज्यात टॅबच्या वरच्या त्या बटणावर ₹ चं चित्र बसवलं होतं. तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही तिथे नुसतं ते मूळ चिन्ह दिसतं. अशा फायलीत फाइंड-रिप्लेस करून खरं ₹ घाला, एकदाच करावं लागतं, पुढे कुठेही उघडा.

हे तीन नसेल तर मग भांडणच आहे. आता कोण कोण आहे ते शोधायचं. घड्याळाजवळचा छोटा बाण दाबा, तिथे जे आयकॉन दिसतात त्यातले कीबोर्डशी संबंध असणारे सगळे एक एक करून बंद करा, राइट क्लिक करून एक्झिट. प्रत्येक बंद केल्यावर नोटपॅडमध्ये उजवा ऑल्ट+४ दाबून बघा. वर्डमध्ये चाचणी घेऊ नका, वर्डचे स्वतःचे शॉर्टकट आणि ऑटोकरेक्ट मध्ये येतात आणि काय कोणाचं ते कळत नाही, नोटपॅड साधा असतो. ज्या क्षणी ₹ आलं त्याच्या आधी जे बंद केलं तो आपला माणूस. काही टूलांचा आयकॉन दिसत नाही, त्यांच्यासाठी कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि स्टार्टअपच्या यादीत बघा. ऑटोहॉटकीच्या बाबतीत एक बघाच, दोन-तीन स्क्रिप्ट एकाच वेळी चालू असतात आणि मालकाला एकच माहीत असते, कारण दुसरी आधीच्या कामवाल्या पोराने टाकलेली असते.

सगळं बंद करूनही येत नसेल तर विंडोज+स्पेस दाबून बघा कुठला कीबोर्ड चालू आहे. यूएस असेल तर ₹ येणारच नाही, कितीही टूलं काढा.

आता उपाय

एक बटण, एक मालक. एवढं पाळलं की झालं. मी ज्या ज्या मशीनवर बसवतो तिथे उजवा ऑल्ट विंडोजच्या इंग्लिश इंडिया कीबोर्डला देतो, कारण ₹ सगळ्यात जास्त लागतं आणि त्यासाठी वेगळं टूल चालू असायची गरजच पडत नाही, लाइट गेली, आली, तरी ते तिथेच. विनकंपोज ठेवायचं असेल तर त्याच्या ऑप्शनमध्ये जाऊन कंपोजचं बटण बदला, उजवा कंट्रोल किंवा स्क्रोल लॉक द्या. स्क्रोल लॉक मला आवडतो, कारण आताशा तो क्वचितच कोणाला लागतो. पण थांबा, एक्सेलवाले असाल तर स्क्रोल लॉकने बाणांनी सेल हलायच्या ऐवजी अख्खी शीट हलते, त्यामुळे हिशेबाच्या मशीनवर उजवा कंट्रोलच बरा. आणि जुन्या फॉन्टवाल्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये मराठी चालू-बंद करायला स्क्रोल लॉक किंवा कॅप्स लॉक दिलेला असू शकतो, ते त्याच्या सेटिंगमध्ये आधी बघून घ्या, नाहीतर एक भांडण मिटवून दुसरं लावाल.

ऑटोहॉटकीमध्ये कंट्रोल+ऑल्टवर काहीही ठेवू नका. त्याऐवजी अक्षरांवर ठेवा, म्हणजे आर एस आणि दोन सेमीकोलन लिहिलं की ₹, डी जी आणि दोन सेमीकोलन लिहिलं की °. बटण कोणाचं हा प्रश्नच येत नाही. पण यात दोन गोष्टी अडतात आणि त्याच परत परत विचारल्या जातात. एक, मराठी कीबोर्ड चालू असताना हे चालत नाही, कारण ऑटोहॉटकी आलेली अक्षरं बघतं आणि त्या वेळी आर एस दाबलं तरी अक्षरं देवनागरी पडतात, जुळत नाहीत. तो दोष नाही, इंग्रजीवर या आणि लिहा. दोन, ₹ च्या जागी तीन विचित्र अक्षरं पडतात. त्याचं कारण स्क्रिप्टची फाइल सेव्ह कशी केली त्यात आहे, ऑटोहॉटकीची १ नंबरची आवृत्ती असेल तर फाइल यूटीएफ-८ विथ बीओएम अशी सेव्ह करावी लागते, नोटपॅडमध्ये सेव्ह ॲजमध्ये खाली एन्कोडिंगची यादी असते तिथे तो पर्याय आहे. २ नंबरच्या आवृत्तीत हे लागत नाही.

पॉवरटॉइजमधलं क्विक ॲक्सेंट जर चालू केलं असेल तर तेही बघा. त्यात अक्षर धरून स्पेस किंवा बाण दाबलं की चिन्हांची पट्टी येते. ज्याचा हात फास्ट आहे त्याचं आधीचं अक्षर सुटायच्या आत स्पेस पडतो, मग शब्दाच्या शेवटी पट्टी येते नाहीतर स्पेस गिळला जातो. आपल्या मराठी टायपिंगवाल्या बायका इतक्या फास्ट असतात की त्यांना हे सारखं होतं आणि त्यांनाच बोलणी बसतात. सेटिंगमध्ये जाऊन स्पेस काढा, फक्त बाण ठेवा, मिटलं.

आता ऑल्ट+शिफ्ट. हा विंडोजचा भाषा बदलायचा जुना शॉर्टकट, डावा ऑल्ट आणि शिफ्ट. फोटोशॉपमध्ये लेबल करताना चित्र मधून सारखं मोठं करायला ऑल्ट+शिफ्ट धरून माउस ओढतो आपण, आणि बटणं सोडली की विंडोजला वाटतं भाषा बदला. पुढे टूल बदलायला व्ही दाबलं तर काहीच होत नाही कारण आता मराठी चालू झालेलं असतं. हापूसच्या सीझनला दिवसभर लेबलंच करायची असतात, तेव्हा हे फार छळतं. कंट्रोल+शिफ्टचंही तसंच, मराठीखाली इनस्क्रिप्ट (प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेलं बटण) आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिला की मराठी) असे दोन्ही कीबोर्ड असले तर ती जोडी त्या दोघांत उड्या मारते. दोन्ही बंद करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, आणि तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज. विंडोज १० मध्ये हेच टायपिंग डिव्हायसेसखाली सापडतं. जो बॉक्स उघडेल त्यात चेंज की सीक्वेन्स दाबून दोन्हीकडे नॉट असाइन्ड करा. भाषा बदलायला विंडोज+स्पेस आहेच, तो चुकून दाबला जात नाही.

त्याच पानावर प्रत्येक खिडकीला वेगळा कीबोर्ड ठेवायचा पर्याय आहे. दुकानात हा चालू ठेवावा असं माझं मत, वर्डमध्ये मराठी आणि हिशेबात इंग्रजी असं चालू राहतं. पण घरच्या मशीनवर जिथे एखाद-दुसरी खिडकीच वापरतात तिथे बंदच बरा, नाहीतर खिडकी बदलली की भाषा का बदलली म्हणून माणूस गोंधळतो.

मराठीसाठी कुठलं टूल

इथे स्पष्टच बोलतो. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, भाषेत मराठी जोडा, लँग्वेज ऑप्शन्समध्ये ॲड अ कीबोर्ड करा, झालं. गूगल इनपुट टूल्सचं विंडोजवर चालणारं ऑफलाइन टूल गूगलने द्यायचं केव्हाच बंद केलंय, तरी पेनड्राइव्हवरून त्याच्या जुन्या कॉप्या फिरत असतात. आता ते टाकू नका. कुठून आलेली कॉपी, आत काय घातलंय कोणाला माहीत, आणि कीबोर्ड पकडणारं टूल म्हणजे तुम्ही टाइप केलेला पासवर्ड पण त्याच्यासमोरून जातो.

क्रोमचं मराठी एक्स्टेंशन आणि विंडोजचं फोनेटिक दोन्ही एकदम चालू ठेवू नका. एक्स्टेंशनला इंग्रजी अक्षरं लागतात आणि विंडोज त्याला आधीच मराठी करून देतंय, मग कधी काम होतं कधी नाही. सरकारी पोर्टलांवर तर अजून वेगळं, काही पानांत आतच सोय असते, इंग्रजीत नाव लिहून स्पेस दिला की मराठी होतं. तिथे विंडोजचा कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवा. शेवटच्या तारखेला रांग लागलेली असते तेव्हा हे आठवत नाही, म्हणून मॉनिटरला चिठ्ठी चिकटवून ठेवा.

शिवाजी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये अजून पत्रिका होतात, ठीक आहे, पण त्यात लिहिताना विंडोजचा कीबोर्ड इंग्रजीच पाहिजे, कारण तिथे खरं तर इंग्रजी अक्षरांवर मराठीची चित्रं असतात. आणि त्यातली जोडाक्षरं ऑल्ट धरून आकडे मारून काढायची असतील तर नंबर पॅड लागतो, नम लॉक चालू लागतो, वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत. डावा ऑल्टच वापरा. लॅपटॉपला नंबर पॅड नसेल तर बाहेरचा कीबोर्ड लावा, दुसरा इलाज शोधण्यात वेळ घालवू नका.

साध्या चिन्हांसाठीसुद्धा हे आकडे उपयोगी. ऑल्ट+०१७६ म्हणजे °, ऑल्ट+०१८९ म्हणजे ½, ऑल्ट+०२१५ म्हणजे ×. कुठलंही टूल लागत नाही. ₹ साठी लोक ऑल्ट+८३७७ सांगतात, ते वर्डमध्ये चालतं पण सगळीकडे नाही, काही प्रोग्रॅममध्ये त्याच्या जागी ╣ असं येतं, कारण ते प्रोग्रॅम २५५ च्या पुढचा आकडा घेत नाहीत. वर्डमध्ये अजून एक चांगला मार्ग आहे, २०३२ लिहा आणि लगेच ऑल्ट+एक्स दाबा, मिनिटाचं ′ येतं. २०३३ ने सेकंदाचं ″. अक्षांश-रेखांशाच्या अर्जात लोक तिथे अवतरण चिन्ह घालतात, मग वर्ड ते वाकडं करून टाकतं.

ऱ्य चं काय

हा प्रश्न किनाऱ्यावरच्या माणसाला रोजचा आहे, "किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटं" हे प्रत्येक होमस्टेच्या कार्डावर असतंच. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट+जे, मग डी, मग स्लॅशचं बटण, की ऱ्य आलं. कुठलंही टूल नको. फोनेटिकमध्ये शब्द लिहून यादीतून निवडा.

पण इथे एक लपलेली अडचण आहे. काही टूलं ऱ्य करताना ऱ हे अक्षर वापरतात, काही टूलं साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा कोड घालतात. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. मग तीन वर्षांपूर्वीच्या फायलीत "किनाऱ्या" शोधलं तर सापडत नाही, यादी अकारविल्ह्याने लावली तर तीच नावं दोन ठिकाणी पडतात, आणि सोसायटीच्या सभासदांच्या यादीत हे झालं तर एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात. टूल बदललं की हे होतंच. उपाय म्हणजे जुन्या फायलीतला शब्द कॉपी करून फाइंडमध्ये टाका, नवीन कीबोर्डने लिहिलेला रिप्लेसमध्ये टाका, रिप्लेस ऑल. दिसायला तेच, आतून एक होतं. अख्ख्या दुकानात सगळ्या मशीनवर मराठीचा कीबोर्ड एकच ठेवा म्हणजे पुढे वाढणार नाही.

इनस्क्रिप्टवाल्यांना अजून एक. शिफ्ट धरून वरच्या आकड्यांवर त्यात ज्ञ, त्र, क्ष, श्र असली जोडाक्षरं आहेत, त्यामुळे मराठी चालू असताना ईमेलमधलं ॲट किंवा पासवर्डमधलं हॅश, डॉलर येणार नाही. पासवर्ड चुकीचा म्हणतोय अशी तक्रार आली की सगळ्यात आधी कोपऱ्यात मराठी दिसतंय का बघा.

तरीही राहिलं तर

एका ठरावीक प्रोग्रॅममध्येच टूल चालत नसेल, बाकी सगळीकडे चालत असेल, तर तो प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालतोय का बघा. हिशेबाची जुनी सॉफ्टवेअरं बऱ्याचदा तशी लावलेली असतात. विंडोज सुरक्षेसाठी साध्या हक्काच्या टूलला ॲडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीतली बटणं बघू देत नाही, बरोबरच आहे ते. मग टूलला पण तोच हक्क द्यावा लागतो. टास्क शेड्युलरमध्ये नवीन टास्क करा, ट्रिगर ॲट लॉग ऑन, खाली रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेसवर टिक, आणि ट्रिगरमध्येच डिले टास्कचा पर्याय आहे तिथे एक मिनिट द्या. मग स्टार्टअपमधून ते टूल काढून टाका. याने दुहेरी काम होतं, हक्कही मिळतो आणि ते टूल नेहमी सगळ्यांच्या नंतर उभं राहतं, म्हणजे क्रम ठरलेला, लाइट कितीही वेळा जाऊ दे. फक्त ज्या स्क्रिप्टमध्ये काय लिहिलंय ते तुम्हाला वाचता येतं तिलाच एवढा हक्क द्या.

विंडोज+स्पेस दाबल्यावर यादीत यूएस दिसतो पण सेटिंगमध्ये तो कुठेच नाही, असं असेल तर तो तिथे मुद्दाम जोडा आणि मग काढा. विचित्र वाटेल पण जातो. परत मशीन चालू केल्यावर आला तर कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, कॉपी सेटिंग्ज, आणि खाली वेलकम स्क्रीनवर टिक करून ओके, कारण लॉगिनच्या पानाचा कीबोर्ड वेगळा असतो आणि तो तिथून मागे येतो.

आणि फोनेटिकची शब्दांची यादीच येत नसेल, स्टार्टच्या सर्चमध्येसुद्धा काही लिहिता येत नसेल, तर हे टूलांचं भांडण नाही, सीटीएफमॉन नावाचा विंडोजचा स्वतःचा प्रोग्रॅम बंद पडलाय. मशीन फास्ट करतो म्हणून सांगणाऱ्या क्लीनरांपैकी एखाद्याने तो स्टार्टअपमधून उडवलेला असू शकतो. विंडोज+आर दाबलं आणि त्या बॉक्समध्येही लिहिता आलं नाही तर टास्क मॅनेजरमधल्या डिटेल्समध्ये तो आहे का बघा, नसेल तर सिस्टीम३२ फोल्डरमध्ये जाऊन सीटीएफमॉनवर डबल क्लिक करा, लगेच सुरू होतं. कायमचं करायला टास्क शेड्युलरच्या लायब्ररीत मायक्रोसॉफ्ट, विंडोज, टेक्स्टसर्व्हिसेसफ्रेमवर्क असं आत जा, तिथे एमएससीटीएफमॉनिटर असेल, तो डिसेबल दिसला तर राइट क्लिक करून इनेबल करा.

कोणाकडे यातलं काहीच लागू पडत नसेल तर विचारताना एवढं तरी सांगा, विंडोज १० की ११, घड्याळाजवळ कुठली कुठली टूलं आहेत, विंडोज+स्पेसच्या यादीत काय काय दिसतं, आणि नोटपॅडमध्ये उजवा ऑल्ट+४ दाबल्यावर नेमकं काय होतं. नुसतं "रुपयाचा चिन्ह येना नाय" एवढ्यावर फोनवरून काही सांगता येत नाही.